भिंतीविना बंदिशाळा : डॉ. संपूर्णानंदांचे स्मरण

प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी राष्ट्रपतींच्या नावे जी सेवापदके जाहीर होतात, त्यांतील पोलिसांच्या शौर्यपदकांची यादी वृत्तपत्रे ठळक मथळ्याखाली छापतात, पदकविजेत्यांची छायाचित्रे देतात, त्यांच्या गावी सत्कारसमारंभ होतात, आणि ते सर्वथा उचितच आहे. परंतु त्याच यादीच्या तळाशी सुधारसेवेची, म्हणजे कारागृह खात्यातील अधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार, हवालदार आणि शिपाई यांची, जी मोजकी नावे असतात, ती त्यांच्या आप्तेष्टांखेरीज कोणी वाचीत असेल असे मला वाटत नाही. या उपेक्षेचे कारण त्या सेवेच्या स्वरूपातच आहे. पोलीस अंमलदार दरोडेखोरांची टोळी पकडतो, तेव्हा सांगण्याजोगे काही घडलेले असते. कारागृहाचा अधिकारी आपले काम उत्तम रीतीने करतो, तेव्हा दंगा होत नाही, कोणी पळत नाही, कोणी गळफास लावून घेत नाही, आणि दहाबारा वर्षांनी एक मनुष्य कपड्यांची पिशवी हातात घेऊन फाटकाबाहेर पडतो व पुन्हा कधीही त्या फाटकाशी येत नाही. त्याच्या पुन्हा न येण्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.

अशा नोंद न झालेल्या सेवेत ज्यांचे नाव मी सर्वप्रथम घेईन, ते डॉ. संपूर्णानंद. उत्तर प्रदेशाचे गृहमंत्री या नात्याने आणि पुढे राजस्थानचे राज्यपाल या नात्याने, दोन भिन्न प्रांतांच्या बंदिव्यवस्थेवर या एका पुरुषाने जो ठसा उमटविला, त्याच्या तोडीचे काम स्वतंत्र भारतातील दुसऱ्या कोणा लोकसेवकाने केल्याचे मला दिसत नाही. आणि तरीही त्यांचे नाव निघते ते वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयामुळे किंवा हिंदीच्या कैवारामुळे, बंदिवानांमुळे निघत नाही.

काशीत जन्मलेला आणि वृंदावन, इंदूर, बिकानेर येथे अध्यापन केलेला हा पंडित ज्योतिर्विद्येत रमणारा, वेदान्तावर ग्रंथ लिहिणारा आणि त्याच वेळी समाजवादावरही तितक्याच अधिकाराने लिहिणारा होता. महाराष्ट्राशी त्यांचा एक संबंध मात्र आवर्जून सांगितला पाहिजे. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना १९३२-३३ च्या सुमारास नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आकाराला आली. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे प्रभृती तरुण तेथे शिक्षा भोगीत होते आणि बराकीतल्या चर्चांतून एका पक्षाचा आराखडा सिद्ध होत होता. त्या पक्षाचे अधिवेशन १९३४ च्या ऑक्टोबरात मुंबईस भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते संपूर्णानंद. ते स्वतः नाशिकच्या त्या मंडळींत नव्हते, त्यांचा कारावास संयुक्त प्रांतातला. पण तुरुंगातली गिनती, तुरुंगातली भाकरी, पत्रावर फिरणारी तुरुंगाधिकाऱ्याची कात्री आणि संध्याकाळी बराकीला कुलूप पडल्यावर सुरू होणारी ती लांब रात्र, ही त्या पिढीच्या सर्वांच्या अनुभवाची सामायिक ठेव होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे भाग आहे. १९४७ नंतर या देशाचा कारभार ज्यांच्या हाती आला, त्यांच्याइतका तुरुंग आतून पाहिलेला राज्यकर्ता वर्ग जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. पंतप्रधान नऊ वर्षे तुरुंगात काढलेले, मुख्यमंत्री तुरुंगात काढलेले, विधिमंडळाच्या दोन्ही बाजूंचे सभासद तुरुंगात काढलेले! अशा राज्यकर्त्यांनी सत्तेवर येताच पहिल्या पाचदहा वर्षांत तुरुंगाचा कायदा मुळापासून बदलला असता, तर ते अगदी स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात १८९४ चा इंग्रजांचा तुरुंग अधिनियम, ज्याचे लक्ष कैद्याला सुरक्षित कोंडणे, कामाला जुंपणे आणि शिस्तभंगाबद्दल शिक्षा देणे यापलीकडे फारसे जात नाही, तो स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे जवळजवळ जसाच्या तसा चालू राहिला. केंद्र सरकारने आदर्श कायद्याचा नमुना राज्यांकडे पाठविला तो २०२३ साली, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नवा कायदा संमत केला तो २०२४ साली. राजकीय कैदी म्हणून ज्यांनी चांगली वागणूक मागितली, त्यांना आपल्याच शेजारच्या बराकीतील चोराचा, खुन्याचा आणि दरोडेखोराचा विसर पडला, हे कटू असले तरी सत्य आहे. संपूर्णानंदांना तो विसर पडला नाही, आणि त्यांचा मोठेपणा मला सर्वांत अधिक जाणवतो तो येथे.

गोविंदवल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात गृहखाते त्यांच्याकडे असताना, १९५२ च्या अखेरीस, तेव्हाच्या बनारस जिल्ह्यात चकियाजवळ चंद्रप्रभा नदीवर धरणाचे काम चालू होते. त्या कामावर बंदिवानांना पाठवावयाचे, त्यांच्याभोवती तट उभारावयाचा नाही, त्यांच्या पायांत बेडी घालावयाची नाही, आणि बाहेरचा मजूर ज्या दराने मजुरी घेतो त्याच दराने त्यांना मजुरी द्यावयाची, असा निर्णय झाला. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. परंतु त्या काळच्या कोणत्याही कारागृह महानिरीक्षकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. ज्या खात्याची सारी विद्या कुलूप, किल्ली आणि मोजदाद यांत सामावलेली, ज्या खात्यात एक कैदी गिनतीत कमी आला तर धोक्याची घंटा वाजते, चौकशी बसते आणि एखाद्या शिपायाची भाकरी जाते, त्या खात्याला सांगावयाचे की निरनिराळ्या कारागृहांतून माणसे निवडा, त्यांना डोंगरपायथ्याच्या उघड्या माळावर न्या, हातात पहार आणि घमेले द्या, आणि रात्री ती आपल्या राहुटीत झोपतील असा इतबार धरा! पहारा होता, परंतु तो नावापुरता; पळून जाऊ इच्छिणाऱ्यास अडवील असे त्या माळावर काहीच नव्हते. माणसे पळाली नाहीत. त्यांनी माती वाहिली, दगड रचले, आणि १९५३ च्या आरंभी ते शिबिर उठले तेव्हा सरकारपाशी एक असा अनुभव जमा झाला होता, ज्याच्या बळावर पुढे कर्मनाशेवर नौगढ येथे, सारनाथजवळ वरुणेच्या पुलावर आणि अन्यत्र शिबिरांमागून शिबिरे उघडता आली. १९५६ साली मिर्झापूर जिल्ह्यात चुर्कच्या सरकारी सिमेंट कारखान्यास चुनखडी पुरविण्यासाठी घुर्मा येथे खाणीवरचे स्थायी शिबिर निघाले, आणि १९६० साली नैनितालच्या तराईत सितारगंज येथे बंदिवानांची विस्तीर्ण शेती उभी राहिली. या शिबिरांना लोक ‘संपूर्णानंद शिबिरे’ असेच म्हणू लागले.

या शिबिरांवर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मला उपेक्षणीय वाटत नाही. धरणे, खाणी आणि पूल यांसाठी सरकारला मजूर हवे होते आणि सरकारच्याच ताब्यात हजारो माणसे रिकामी बसलेली होती. तेव्हा सुधारणेच्या नावाखाली ही वेठबिगारच नव्हे काय? जगाच्या इतिहासात कैद्यांच्या श्रमाचा असा दुरुपयोग अनेक ठिकाणी झाला आहे, आणि अंदमानातल्या कोलूचे स्मरण ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला ते निराळे सांगावयास नको. परंतु वेठ आणि काम यांतील भेद दोन गोष्टींनी ठरतो, मजुरीने आणि मनुष्याच्या संमतीने. आणि या शिबिरांत पूर्ण दराची मजुरी होती, तीतून भोजनखर्च वळता होई, उरलेली रक्कम बंदिवानाच्या नावे जमा होई, ती घरी पाठविता येई, शिवाय शिक्षेत विशेष माफी मिळे. ज्या बायकोने नवरा तुरुंगात गेल्यापासून त्याच्याकडून अश्रूंखेरीज काही मिळविले नव्हते, तिच्या हाती त्याच्या कमाईची मनिऑर्डर पडते, तेव्हा त्या घरात काय बदलते, हे एखाद्या ग्रामीण पोस्टमनलाच नीट सांगता येईल.

मुख्यमंत्रिपद त्यांनी १९५४ ते १९६० असे भूषविले आणि पक्षांतर्गत कलहात ते सोडले. त्या कलहाचा तपशील राजकारणाच्या अभ्यासकांनी सांगावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे पर्व. १९६२ साली ते राजस्थानचे राज्यपाल झाले. राज्यपालाचे पद असे, की त्यावर बसलेल्या मनुष्याने समारंभांच्या फिती कापल्या आणि भाषणे वाचली, तरी त्याला कोणी बोल लावीत नाही. बंदिवानांच्या बाबतीत पाहू गेल्यास शिक्षा माफ करण्याचा घटनादत्त अधिकार सोडला तर त्याच्या हाती प्रत्यक्ष कारभार काहीच नाही. संपूर्णानंदांनी त्या पदावरून आग्रह धरला, मोहनलाल सुखाडियांच्या सरकारने तो मानला, आणि १९६३ साली जयपूरजवळ सांगानेर येथे खुले बंदी शिबिर सुरू झाले. उत्तर प्रदेशातील शिबिरात बंदिवान एकटा होता. सांगानेरात तो कुटुंबासह राहू लागला, आणि ही प्रगती मला तट काढून टाकण्याहूनही मोठी वाटते.

ठशाच्या छापील कापडासाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात या शिबिराचा नित्यक्रम कसा चालतो, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. लहान लहान खोल्या, त्यांतील कित्येक बंदिवानांनी स्वतःच बांधलेल्या. खोलीत चूल, पोरांची दप्तरे, दारात वाळत घातलेले कपडे. सकाळी हजेरी झाली की माणसे कामावर निघतात: कोणी कापडाच्या कारखान्यात, कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी वाहन चालवावयास, आणि कोणी, ज्याला खुनाबद्दल जन्मठेप झालेली आहे असा, एखाद्या इमारतीच्या दारावर पहारेकरी म्हणून. सरकार त्यांना अन्न देत नाही. ते मिळवितात आणि खातात, विजेचे व पाण्याचे देणेही स्वतः चुकवितात. संध्याकाळी पुन्हा हजेरी. ती घेण्याच्या कामी बंदिवानांची आपली निवडलेली पंचायत असते. भांडणतंटे, स्वच्छता, नव्याने आलेल्याची व्यवस्था ही सारी तिच्याकडे. ज्याने शिक्षेचा ठरावीक भाग, साधारणतः एक तृतीयांश, बंद कारागृहात नीट वागून काढला आहे, त्यालाच येथे येता येते. म्हणजे ही दयेची खैरात नव्हे. ही मिळवावी लागते, आणि एकदा गमावली की परत तटाच्या आत जावे लागते. डबा हातात घेऊन हजेरीच्या वेळेपूर्वी घाईघाईने परतणारा तो मनुष्य बंदुकीच्या भयाने परतत नाही. त्याची मुलगी आत पाटीवर अक्षरे गिरवीत बसलेली असते. तो तिच्यासाठी परततो.

सांगानेरचे हे बीज राजस्थानात रुजले आणि वाढले. खुल्या कारागृहांची संख्या आज देशात सर्वांत अधिक राजस्थानातच आहे, त्याखालोखाल महाराष्ट्रात. उत्तर प्रदेशात मात्र, जेथे या कार्याचा उगम झाला, तेथे बहुतेक शिबिरे पुढे ओसरली, आणि सितारगंज तर राज्यविभाजनात उत्तराखंडाकडे गेले. एका व्यक्तीच्या आग्रहावर उभे राहिलेले काम खात्याच्या अंगवळणी पडले नाही तर त्याची काय गती होते, याचे हे उदाहरण जिव्हारी लागणारे आहे.

मराठी वाचकाला येथे आपल्या घरची गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही, आणि ती संपूर्णानंदांच्याही आधीची आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या सहृदय अभियंत्याच्या प्रेरणेने स्वतंत्रपूरची वसाहत वसली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना तेथे जमीन कसावयास दिली गेली, बायकामुलांसह राहू दिले गेले. त्याच भागात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरान फुलविणारा तो तुरुंगाधिकारी देशाच्या कानाकोपऱ्यात पोचला. चित्रपटातल्या त्या तुरुंगाधिकाऱ्यासाठी आपले डोळे पाणावतात, आणि खऱ्या स्वतंत्रपुराकडे, जे आजही सांगली जिल्ह्यात कारागृह खात्याखाली उभे आहे, जाण्याची वाट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते? येरवड्याचे खुले कारागृह, पैठणचे खुले कारागृह ही नावे आपण ऐकलेली असतात. तेथे शेतीही चांगली पिकते. परंतु स्वतंत्रपूरची कुटुंबासह राहण्याची मूळ कल्पना महाराष्ट्रात जवळजवळ त्या एका वसाहतीपुरतीच राहिली, आणि सांगानेरने ती आपलीशी करून मोठी केली, हे कबूल करताना मला राजस्थानविषयी आदर आणि स्वतःच्या राज्याविषयी खंत वाटते.

ज्याच्या घरातला मनुष्य मारला गेला, तो विचारील, आणि त्याला विचारण्याचा अधिकार आहे: माझा मुलगा परत येणार नाही, आणि ज्याने त्याला मारले तो बायकामुलांत बसून गरम भाकरी खाणार, हा कोणता न्याय? या प्रश्नाला सुलभ उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणाऱ्या सुधारकांवर माझा विश्वास बसत नाही. इतकेच म्हणता येईल की न्यायालयाने जी शिक्षा दिली ती स्वातंत्र्य हिरावण्याची, आणि खुल्या शिबिरातही ते हिरावलेलेच असते. दररोज हजेरी, ठरावीक हद्दीबाहेर मज्जाव, वर्षानुवर्षे. आणि तो मनुष्य एके दिवशी सुटणारच आहे. तो पंधरा वर्षे अंधाऱ्या बराकीत इतरांकडून नवे डावपेच शिकून सुटावा, की रोज कामावर जाऊन, विजेपाण्याचे देणे चुकवून, पंचायतीत मत देऊन सुटावा, याचा निकाल त्या दुःखी कुटुंबाने नव्हे, तर आपण सर्वांनी दिला पाहिजे. कारण सुटल्यावर तो आपल्याच गल्लीत राहावयास येणार आहे.

शिवाय बंद कारागृहांची आजची अवस्था पाहिली तर या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशाच्या कारागृहांत सुमारे ४ लाख ३६ हजारांची जागा असताना सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे कोंडलेली होती, आणि त्यांतील दर चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे असे. सिद्धदोष बंदिवानांपैकी जे विश्वासाला पात्र ठरले आहेत त्यांना खुल्या शिबिरांत हलविले, तर बराकीत निदान पाठ टेकण्यापुरती जागा होईल. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा बजावले आहे. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, पुढे १९९६ च्या राममूर्ती खटल्यात, आणि अगदी अलीकडे २०२४ च्या मे महिन्यात, जेव्हा अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने खुल्या शिबिरांचे क्षेत्र कमी करण्याचा कोणताही प्रयत्न होऊ नये असे फर्माविले. त्याच वर्षी सांगानेरच्या शिबिराची बरीचशी जमीन रुग्णालयासाठी देण्याचा हुकूम निघाला आणि ते प्रकरणही त्याच न्यायालयापुढे गेले. रुग्णालय हवे, यात शंका नाही. परंतु ज्या शिबिराच्या फाटकावर संपूर्णानंदांचे नाव आहे, त्याच्याच भूमीवर पहिली नजर पडावी, हे मात्र त्यांच्या स्मृतीचा आदर करणारे नाही.

तेव्हा अशा लोकसेवकाचा गौरव करावयाचा तो कसा? पुतळे आणि टपालतिकिटे यांना माझा विरोध नाही. पण कारागृह खात्यात आज नेमणुकीवर असलेल्या अधीक्षकाकडे पाहिले म्हणजे एक विसंगती डोळ्यांत भरते. त्याच्या कारकिर्दीत एक बंदिवान संचित रजेवरून परतला नाही, किंवा खुल्या कारागृहातून निघून गेला, तर त्याच्या सेवापुस्तकात शेरा बसतो, खुलासा मागविला जातो, बढती अडते. त्याच अधीक्षकाने शंभर माणसे पारखून खुल्या शिबिरासाठी शिफारस केली, ती सर्व तेथे नीट राहिली, सुटून घरी गेली आणि आपापल्या गावी स्थिरावली, तर त्याच्या गोपनीय अहवालात त्याबद्दल एक ओळही येत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा अधिकारी काय करील? तो कोणावर विश्वास टाकणार नाही. निवड समितीपुढे आलेल्या अर्जावर ‘तूर्त पात्र नाही’ असा शेरा मारून फाईल पुढे सरकवील, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. चंद्रप्रभेच्या माळावर जे अधिकारी गेले, ते निःशंक मनाने जाऊ शकले असतील, कारण एक जरी कैदी पळाला असता तरी विधिमंडळात उभे राहून उत्तर देणारा गृहमंत्री त्यांच्या पाठीशी होता.

म्हणून माझी सूचना महाराष्ट्राच्या गृहखात्याला आहे. प्रत्येक कारागृह अधीक्षकाच्या वार्षिक अहवालात दोन रकाने वाढवावेत: त्याने खुल्या कारागृहासाठी किती बंदिवानांची शिफारस केली, आणि त्यांपैकी कितींनी शिक्षा सुरळीत पूर्ण केली. पळालेल्यांचा हिशेब आहेच, त्याच्या शेजारी हा हिशेब मांडला जावा, आणि बढतीचा व पदकाचा विचार करताना दोन्ही एकत्र वाचले जावेत. त्याचबरोबर स्वतंत्रपूरच्या धर्तीवर, बंदिवानाला कुटुंबासह राहता येईल अशी आणखी एक वसाहत विदर्भात आणि एक मराठवाड्यात काढावी. तेथील खुल्या कारागृहांपाशी कसण्याजोगी जमीन आहे. रकाने वाढविण्यासाठी विधिमंडळाची संमती लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. गृहसचिवांच्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते येत्या सव्वीस जानेवारीपूर्वी सहज निघू शकेल.